विमानाला लावलेलं कुंकू

एका तालुक्याच्या गावाबाहेर, कपाशीच्या रानाला लागून, एक धावपट्टी होती. पट्टीच्या कडेला पत्र्याची मोठी शेड, शेडमध्ये चार लहान विमानं आणि शेडच्या दारात खुर्ची टाकून बसलेल्या कॅप्टन अनसूया राजाध्यक्ष. ही विमान चालवायला शिकवणारी शाळा. शिकणारी मुलं बाईंना तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागेही मॅडमच म्हणत. यावरून काय ते समजावं.

या शाळेत केतकी नावाची एक मुलगी आली. लहानपणी शाळेत कवायत चालू असताना आकाशात विमान दिसलं, की ही रांग मोडून त्याच्यामागे धावायची. मग शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लागायच्या. त्या फेऱ्याही ती दोन्ही हात पंखांसारखे पसरून मारायची. तिला वैमानिक व्हायचं होतं, दुसरं काही व्हायचंच नव्हतं. आईवडील आधी नको म्हणाले, मग बघू म्हणाले आणि शेवटी स्वतःच तिला पोचवायला आले.

सुरुवातीला केतकीला तहानभूक आठवत नव्हती. सगळ्यांच्या आधी येऊन ती शेडचं दार ढकलायची. मग एक दिवस मॅडम शेजारच्या सीटवरून खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "आता एकटी जाऊन ये." ती एकटी उडाली आणि एकटी उतरली. उतरल्यावर रडली, मग हसली, आणि घरी फोन करून काय बोलली ते तिचं तिलाच आठवेना.

पण नव्याचे नऊ दिवस. एकट्यानं उडता आलं म्हणून कुणी विद्यार्थ्याला लगेच मुंबईहून दिल्लीला धाडत नाही. त्याला सर्किट मारायला लावतात. सर्किट म्हणजे पट्टीवरून उडायचं, डावीकडे वळायचं, पट्टीला समांतर मागे यायचं, पुन्हा वळायचं आणि निघालो तिथेच उतरायचं. उतरलं की परत तेच. खाली जिनिंगची चिमणी, पाझर तलाव, टेकडीवरचं भैरोबाचं देऊळ. पुन्हा चिमणी, पुन्हा तलाव, पुन्हा भैरोबा.

आणि उडण्याआधी दर वेळी विमानाभोवती एक प्रदक्षिणा. टायर बघायचे, तेल बघायचं, इंधनात पाणी उतरलंय का ते बघायचं, पंखांच्या मागच्या हलत्या झडपांच्या बिजागऱ्या हलवून बघायच्या. विमानाच्या नाकामागे डाव्या अंगाला रुपयाएवढी एक चकती असते. तिच्या मधोमध बारीकसं भोक. त्या भोकातून बाहेरच्या हवेचा दाब आत पोचतो, आणि त्यावरच उंचीचा आणि वेगाचा काटा चालतो. शाळेची रीत अशी होती, की जे तपासायचं त्याला हात लावायचा आणि मोठ्यानं बोलायचं. तसं त्या चकतीलाही बोट लावायचं आणि म्हणायचं, "भोक मोकळं."

केतकीला या सगळ्याचा हळूहळू वीट आला. ती पाट्या टाकू लागली. हात फिरे, तोंड पाढे म्हटल्यासारखं चाले, आणि डोळे भलतीकडेच असत. एखाद्या दिवशी वारा जास्त असला आणि उड्डाण रद्द झालं, की तिला बरं वाटे. मग बरं वाटलं म्हणून वाईट वाटे. आपल्याला हे आवडतं असं आपण साऱ्या जगाला सांगितलं, आईवडिलांना हट्टानं सांगितलं. आणि आता आवडत नाही, म्हणजे ती आवड खोटीच होती की काय? ही भीती तिच्या मनात घर करून बसली. ती कुणाला सांगताही येईना.

अशात खंडेनवमी आली. त्या दिवशी शिंपी मशिनची पूजा करतो, रिक्षावाला रिक्षाची, सुतार करवतीची. इथं विमानांची पूजा असे. मुलांनी विमानं धुतली, पुसली, प्रोपेलरला झेंडूचे हार घातले. खूप दिवसांनी काहीतरी वेगळं करायला मिळालं म्हणून केतकी खुशीत होती. हळदकुंकू तिनंच कालवलं, आणि चांगलं घट्ट कालवलं.

आता विमानाला कपाळ कुठलं? केतकीनं जरा मागे जाऊन बघितलं. नाकामागे ती चकती दिसली. गोल, चकचकीत, कुंकू लावण्यासाठीच केल्यासारखी. तिनं तिच्यावर ठसठशीत टिळा लावला आणि वर अक्षता दाबल्या. मुलांनी फोटो काढले. मॅडम तेव्हा पलीकडे नारळ फोडत होत्या.

तुमच्या लक्षात आलं असेल. तिच्या आलं नाही. रोज जिला बोट लावून ती "भोक मोकळं" म्हणायची, तीच ही चकती. पण बोट लावणं वेगळं आणि बघणं वेगळं.

त्या संध्याकाळी केतकी मॅडमच्या खुर्चीपाशी आली.

"मॅडम, मी उद्या घरी जाते. परत येईन असं वाटत नाही."

"काय झालं?"

"काहीच झालं नाही. रोज तेच आहे. मला आता आवडेनासं झालंय."

मॅडमनी उपदेश केला नाही. त्या म्हणाल्या, "मलाही मध्ये असंच झालं होतं. बरेच दिवस."

"मग तुम्ही काय केलंत?"

"विमान तपासलं आणि उडवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासलं आणि उडवलं."

"आणि आवड परत आली?"

"कधी यायची, कधी नाही. बोलावल्यावर यायला ती काय माझ्या घरची नोकर होती?"

केतकीला हे उत्तर काही पटलं नाही. मॅडम म्हणाल्या, "उद्या दसरा आहे. सकाळी प्रत्येकानं एक उड्डाण करायचं, अशी आपली पद्धत आहे. तेवढं एक सर्किट मार आणि मग खुशाल जा."

दसऱ्याच्या सकाळी केतकीची बॅग भरून शेडच्या दारात तयार होती. विमानांवरचे हार काढले होते. कुंकू मात्र तसंच होतं, कारण पूजेचं कुंकू असं लगेच कोण पुसतं? केतकीनं विमानाभोवती शेवटची म्हणून एक प्रदक्षिणा घातली. टायर ठीक, तेल ठीक, बिजागऱ्या ठीक. चकतीला बोट लावलं आणि म्हणाली, "भोक मोकळं." बोट जरा लाल झालं. कालच्या पूजेचं असेल, असं म्हणून तिनं ते पँटला पुसलं आणि आत जाऊन बसली.

विमान पट्टीवरून धावलं. वेगाचा काटा नीट चढला. चाकं सुटली, कपाशी खाली गेली. केतकी मनात म्हणाली, चला, आता चिमणी, तलाव, भैरोबा, आणि सुटले.

उंचीचा काटा जागचा हलला नाही.

तिनं त्याच्यावर टिचकी मारली. तो ढिम्म. तेवढ्यात वेगाचा काटा खाली येऊ लागला. वेग कमी झाला की विमान पडतं, हे पहिल्याच दिवशी शिकवतात. त्यावर पहिला उपाय म्हणजे नाक खाली करायचं. केतकीचा हात आपोआप पुढे गेला. नाक खाली झुकलं. समोर कपाशीची बोंडं वेगवेगळी दिसायला लागली.

आणि तिच्या कानाला काहीतरी खटकलं. आवाज बदलला होता. नाक खाली करण्याआधी तो रोजचाच होता आणि आता तो चढला होता. काटा सांगत होता की विमान पडायला आलंय. इंजिन सांगत होतं की विमान उलट जास्तच धावतंय. दोघांपैकी एक खोटं बोलत होतं. केतकी घाबरली होती, खोटं कशाला सांगू, चांगलीच घाबरली होती. पण तिनं नाक वर घेतलं आणि क्षितिज रोज जिथे दिसतं तिथे आणून ठेवलं. आवाजही रोजच्यासारखा झाला. वेगाचा काटा मात्र पडलेलाच होता. तिनं त्याच्याकडे बघणं सोडलं.

रेडिओवर ती म्हणाली, "मॅडम, उंचीचा काटा हलत नाही. वेगाचाही खरा वाटत नाही."

मॅडम शेडपाशी हातात रेडिओ घेऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "चिमणी कुठे दिसतेय?"

"डाव्या पंखाच्या टोकाला."

"रोज या वेळी कुठे असते?"

केतकीनं पंखाच्या टोकाकडे नीट बघितलं. हे आपल्याला माहीत आहे हेच तिला माहीत नव्हतं. मग ती म्हणाली, "थोडी खाली. म्हणजे मी अजून जरा वर जायला हवं."

"जा मग."

ती वर गेली. चिमणी पंखाच्या टोकाखाली आली. तलावाच्या बांधावर रोजच्यासारखी म्हशींची रांग दिसली, आणि म्हशी होत्या रोजच्याएवढ्याच, ना लहान ना मोठ्या.

"आता बरोबर आहे," ती म्हणाली.

"मग रोजच्यासारखी ये," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी रेडिओ खाली केला.

तलाव मागे पडला, तिनं इंजिनाचा जोर कमी केला. भैरोबाचं देऊळ नाकासमोर आलं, तिनं वळण घेतलं. रोज वळायची तिथेच. पट्टी समोर आली, रोज दिसायची तेवढीच रुंद. जमिनीजवळ आल्यावर दोन्ही काटे पुन्हा शहाण्यासारखे खरं बोलू लागले, पण आता त्यांना विचारतंय कोण? चाकं टेकली.

केतकी खाली उतरली. मॅडम पुढे आल्या. त्यांनी विमानाभोवती चक्कर मारली आणि त्या डाव्या अंगाला थांबल्या.

"केतकी, हात दाखव."

केतकीनं हात पुढे केला. बोटाच्या नखाच्या कडेला अजून लाल होतं. मग तिनं चकतीकडे बघितलं. टिळा वाळून घट्ट झाला होता. मधोमध, बरोबर भोकावर, एक तांदळाचा दाणा बसला होता. आत जमिनीवरचीच हवा कोंडली होती, म्हणून काटे वर खोटं आणि जमिनीजवळ खरं बोलत होते.

"मीच लावलं," ती म्हणाली. "काल मी लावलं, आणि आज बोट लावून मोकळं म्हणाले."

मॅडम रागावल्या. काय काय बोलल्या ते इथं लिहीत नाही, सणाचा दिवस होता. कुंकू पूजेच्या वेळीच आपल्या डोळ्यांखालून कसं गेलं, म्हणून त्या स्वतःवरही रागावल्या. मग राग शांत झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुला खाली कुणी आणलं?"

"तुम्ही."

"मी इथं उभी होते. मला वरून चिमणी दिसत नव्हती. तुला खाली आणलं ते तुझ्या त्या कंटाळवाण्या सर्किटांनी. कंटाळलीस तरी त्या वेळी बाहेर बघत होतीस म्हणून. आणि वर संकटात कुणी घातलं, तेही तुला कळलंच आहे."

केतकीला रडू आलं. तिनं ते लपवलं नाही.

मेकॅनिकनं भोक आणि आतली नळी साफ केली, काटे तपासले आणि विमान ठीक आहे म्हणून सांगितलं. केतकीनं ओलं फडकं मागून घेतलं आणि चकतीवर राहिलेलं कुंकू पुसलं. खाली बारीक अक्षरं निघाली. हे भोक झाकू नये, असं तिथं लिहिलेलं होतं. पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं. तिनं ते आज पहिल्यांदा वाचलं.

मग कुणी न सांगता ती विमानाभोवती फिरायला लागली. एकेका गोष्टीपाशी थांबू लागली. एका बिजागरीत कोळ्यानं धागा ओढला होता. टायरवर नखाएवढी चीर होती. पंखाच्या कडेला जुनी पोच बुजवून वरून रंग दिलेला होता. म्हणजे तिच्या आधी कुणीतरी शिकताना तो पंख कुठेतरी घासला होता. ती पोच कुणाची असेल, याचा विचार करत ती बराच वेळ तिथेच उभी राहिली. तिच्यासाठी आणलेला चहा गार झाला.

"केतकी," मॅडमनी खुर्चीतून हाक मारली, "तुझी एस.टी. गेली."

पंखाखालून आवाज आला, "जाऊ द्या, मॅडम. माझी अजून डावी बाजूच बघून झालीय."

केतकी पुढे वैमानिक झाली. कंटाळा तिला पुढेही यायचा, तो कुणाला चुकलाय? आला की ती विमान सोडून पळायची नाही. त्या दिवशी चकतीपाशी जरा जास्त वेळ थांबायची, एवढंच.

तात्पर्य: आवड पाहुण्यासारखी येते-जाते, ती गेली म्हणून काम सोडू नये आणि पाट्याही टाकू नयेत. रोजचं काम रोज डोळे उघडे ठेवून करावं. तेच अडचणीत हात देतं, आणि रुसलेली आवडही त्याच वाटेनं घरी येते.