चौथी जिलेबी

बापूसाहेबांनी डेअरीच्या सातही टँकरमध्ये आम्हा ड्रायव्हरांच्या तोंडासमोर कॅमेरे बसवले. गाडी उभी असली तरी ते चालूच. आमचं जेवण, आमची डुलकी, सगळं ऑफिसातल्या पडद्यावर दिसायचं. आम्ही कुरकुर केली तर म्हणाले, “चोरी नसेल तर लपवायचं कशाला?”

इलाहीचाचा आमच्यातले सर्वांत जुने ड्रायव्हर. पुढे एकदा बापूसाहेब त्यांच्याच टँकरमधून निघाले. जेवणवेळेला चाचांनी गाडी बाजूला घेतली आणि गरम जिलेबीचा पुडा मालकांपुढे धरला. बापूसाहेबांना शुगर, घरी वहिनींनी गोड बंद केलेलं. त्यांनी चौथी जिलेबी उचलली तेव्हा चाचा हळूच म्हणाले, “आज पडद्यासमोर वहिनी बसल्यात ना?”

बापूसाहेबांना ठसकाच लागला. “अरे, त्या कॅमेऱ्यावर टॉवेल टाक आधी!”

“टाकतो की. पण मालक, चोरी नसेल तर लपवायचं कशाला?”

आठवड्याभरात सातही कॅमेऱ्यांना कापडी झाकणं आली. गाडी थांबली की झाकण ओढायचं, असा मालकांचाच हुकूम. आजही डबा उघडताना आम्ही चाचांना दुवा देतो, आणि वहिनींनाही. झाकणं त्यांनीच शिवली. चारही जिलेब्या त्यांनी मोजल्या होत्या.