उसना कोट

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा माणूस आयुष्यात एकदाच फोटो काढायचा, तोही श्वास रोखून.

एका गावच्या कारभाऱ्याकडे असा एक फोटो होता, त्याच्या वडिलांचा. कारभारी पाळण्यात असतानाच वडील गेले. ते कसे होते हे जाणून घ्यायची त्याला लहानपणापासून भूक होती. फोटोत जरीचा कोट होता, तुरेदार फेटा होता, नक्षीची खुर्ची होती. त्याने त्यावरच भूक भागवली. येईल त्याला तो सांगे, “आमचे वडील सरदार होते.”

घरात म्हातारी आत्या होती. गावात वडिलांना पाहिलेलं तेवढं एकच माणूस उरलं होतं. ती हसायची. “अरे, कसला सरदार! दादा विहिरी खणायचा. दोर धरून खाली उतरताना गाणं म्हणायचा. पाणी लागलं की पहिली ओंजळ मला.”

कारभाऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. “आत्या, चारचौघांत असलं बोलू नकोस. सरदार होते म्हणायचं. काय म्हणायचं?”

“सरदार होते,” आत्या म्हणायची. त्याच्याच घरी दोन घास खाणारी ती, करणार काय? हळूहळू तिने गाण्याचं नाव घेणंही सोडलं.

वर्षं गेली. फोटो पिवळा पडला. तो मोठा करून घ्यायला कारभारी शहरात, ज्याने तो काढला होता त्याच फोटोवाल्याकडे गेला. फोटोवाला आता पार थकला होता. त्याने चष्मा पुसला, फोटो पाहिला आणि आतून एक कोट आणला. तोच. पाठीमागून उसवून नाड्या लावलेला, लठ्ठालाही व्हावा आणि बारीकालाही.

“येईल त्याला हाच घालायचो,” तो म्हणाला. भिंतीवर न्हावी, तेली, मास्तर, सगळे त्याच कोटात सरदार होऊन बसले होते.

कारभाऱ्याचं तोंड उतरलं.

“कोट माझा, फेटा माझा. हात तेवढे त्यांचे,” फोटोवाला म्हणाला. “मी म्हटलं, हात खिशात घाला, बरं दिसेल. तर म्हणाले, राहू द्या. पोरगं लहान आहे, मोठेपणी बापाला ओळखायला काहीतरी नको का?”

कारभाऱ्याने पहिल्यांदाच ते हात पाहिले. सुजलेली बोटं, दोराचे वळ, एका अंगठ्याला नखच नाही. इतकी वर्षं तो रोज त्या फोटोची काच पुसत होता.

तो धावतपळत घरी आला आणि आत्याच्या पायाशी बसला. “आत्या, बाबा कुठल्या विहिरी खणायचे? ते गाणं कुठलं गं?”

आत्याने घाबरून इकडेतिकडे पाहिलं. “सरदार होते,” ती म्हणाली.

“नाही गं, खरं सांग. आता कुणी रागावणार नाही.”

आत्या खूप वेळ आठवत राहिली. तिचे ओठ हलले, पण गाणं काही आलं नाही. मग तिने त्याच्याकडे आशेने पाहिलं.

“सरदार होते,” ती म्हणाली. “आता बरोबर म्हटलं ना मी?”

कारभारी तिच्या मांडीवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. पुढे तो पाणी प्यायला थांबे त्या प्रत्येक विहिरीवर विचारी, ही कुणी खणली? कुणालाच ठाऊक नसे.

तात्पर्य: उसन्या मोठेपणासाठी आपल्या माणसाचं तोंड बंद केलं, तर त्याच्याबरोबर आपली खरी ओळखही कायमची मुकी होते.