पानावरची हाक

“हाक माझी होती, बाबा. पण हरणी आली ती तिच्या पायांनी आली. मग पाप कुणाचं?”

केवळगिरी गोसावी मठाच्या ओसरीवर तांदूळ निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा उदाराम तीन कोसांवरच्या गावचा शिकारी. गावच्या मालगुजाराकडे कोणी बडा पाहुणा शिकारीला आला, की बंदूक पाहुण्याची असायची आणि हरीण आणून द्यायचं काम उदारामचं. कोवळं पान दुमडून तो ओठांत धरायचा आणि पाडसाचा आवाज काढायचा. वाट चुकलेल्या, भ्यालेल्या पाडसाचा. तो आवाज कानावर पडला की हरणी कळप सोडून यायची. माणसाचा वास लागला तरी यायची. दहा पावलांवर उभी राहून गवतात पाडस शोधू लागायची...

तेवढ्यात बार उडायचा.

पंचवीस वर्षांत आपली हाक एकदाही फुकट गेली नाही, हे उदारामने बाबांनाही सांगितलं. सांगताना त्याची मान जराशी ताठ झाली. मग तो म्हणाला, वाघही मारतो. रानकुत्री तर जिवंतपणी फाडतात. त्यांना कोणी पापपुण्य विचारत नाही.

“वाघ पाडसाच्या आवाजात बोलतो का रे?” बाबांनी विचारलं.



बाबांनी सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला.

“पंचवीस वर्षं तुला हा प्रश्न पडला नाही. आज कसा पडला?”

समोर तळं होतं. पावसाळा नुकताच सरला होता आणि तळं काठोकाठ भरलेलं होतं. काठाच्या कडेने झाडीपर्यंत गवत माणसाच्या कमरेएवढं वाढलं होतं. या काठावर कोणी शिकार करत नसे, म्हणून जनावरं दिवसाउजेडीही पाण्यावर यायची. उदाराम बराच वेळ त्या गवताकडे बघत राहिला.

मग त्याने सांगितलं. तुटक तुटक, मधेच थांबत.

त्याला एकच मुलगी होती. सारजा. आठ वर्षांची. बापाच्या तोंडून निघणारी ती हाक तिला फार आवडायची. शिकव म्हणून तिने हट्ट धरला आणि त्याने अंगणात बसून तिला शिकवली. पान कसं दुमडायचं, श्वास कुठे धरायचा, कुठे सोडायचा. तिचा श्वास आखूड. हाक मधेच तुटायची. पण जिद्द मोठी. एकदा तिने विचारलं, “बा, ही हाक ऐकली की आई येतेच?”

तो म्हणाला होता, “येतेच.”

चैत्रात मोहफुलं वेचायला गावच्या बाया पहाटेच रानात गेल्या. सारजाही त्यांच्याबरोबर गेली. फुलं वेचता वेचता ती कधी मागे राहिली, कुठल्या वाटेला लागली, कुणाच्या लक्षात आलं नाही. एकीला वाटलं, ती दुसरीबरोबर आहे. दुसरीला वाटलं, ती घरी गेली.

त्याच दिवशी उदाराम मालगुजाराच्या पाहुण्याला घेऊन त्याच रानात टेकडीवर बसला होता. ऊन चढलं होतं. खालच्या नाल्याकडून पाडसाची हाक आली.

पाहुण्याने बंदूक सरसावली. उदारामने त्याला हाताने थांबवलं.

बाबांनी तांब्या पुढे सरकवला. त्याने पाणी घेतलं नाही.

“मी हसलो, बाबा...”

“मग?”

“मी पाहुण्याला म्हटलं, हे पाडस नव्हे. कुणीतरी नवशिका पान वाजवतोय. श्वास तोडतोय बघा. या हाकेला कुठलीच आई येणार नाही.”

तळ्यावरून वारा आला. गवत लवलं आणि पुन्हा उभं राहिलं.

हाक आणखी दोनदा आली, मग थांबली. उदाराम पाहुण्याला घेऊन टेकडीच्या दुसऱ्या अंगाने उतरला. नाल्यात हाका मारत बसलेल्या नवशिक्यामुळे त्या बाजूची जनावरं बिथरली असतील, असा त्याचा हिशेब होता.

घरी आल्यावर त्याला कळलं, की बाया परतल्या पण पोरगी आलेली नाही. अंगणात उभ्या उभ्याच त्याच्या ध्यानात आलं, दुपारी ऐकलं ते काय होतं. सगळा गाव रानात शिरला. सगळे चारी दिशांना पांगले, पण उदाराम सरळ नाल्याकडे गेला. दरडीवरून घसरून ती खाली पडली होती. पाय मोडला होता, रक्त फार गेलं होतं. ओरडून ओरडून घसा सुकल्यावर तिने नाल्यातल्या जांभळीचं पान तोडलं असावं. ते तिच्या मुठीत होतं. पण तो पोचला तोवर फार उशीर झाला होता.

“रडून हाक मारली असती तर मी धावलो असतो,” उदाराम म्हणाला. “पण तिने मी शिकवलेली हाक मारली.”

सूप त्यांनी केव्हाच खाली ठेवलं होतं.

मग उदारामने आपण कशासाठी आलो ते सांगितलं. त्यानंतर तो शिकारीला गेला नव्हता. मालगुजाराने दोनदा बोलावणं पाठवलं, तो गेला नाही. त्याला आता प्रायश्चित्त हवं होतं. अनवाणी रामेश्वराला जा म्हणालात तर जातो, म्हणाला. उरलेला जन्म मौन धर म्हणालात तर धरतो. काय अवघड असेल ते सांगा.

“त्या दिवशी तू हाक ऐकलीस,” बाबा म्हणाले. “हे आणखी कुणाला ठाऊक आहे?”

“पाहुण्याला काय कळणार... कुणालाच नाही.”

“पोरीच्या आईला?”

उदारामने मान खाली घातली. बाबांनी पुन्हा विचारलं नाही. तो आपणहूनच बोलू लागला. बनाबाई, त्याची बायको, अजून रोज रानाच्या कडेला जाऊन उभी राहते. लाकडं घेऊन परतणाऱ्या बायांना विचारते, चैत्रात तुम्ही इकडे होतात का, तुम्हाला काही ऐकू आलं होतं का. घरी आली की त्यालाही विचारते. माझी पोर हाक मारल्याशिवाय राहिली नसेल हो. मग एवढ्या रानात एकालाही कशी ऐकू गेली नाही?

“तू काय सांगतोस?”

“रान मोठं आहे म्हणतो.”

बाबा उठले. ओसरीच्या कडेला चाफ्याशेजारी जांभळीचं रोप होतं. त्याचं एक कोवळं पान खुडून त्यांनी उदारामच्या तळहातावर ठेवलं.

“मार हाक.”

उदारामने हात आखडून घेतला. पान खाली पडलं. त्याने सांगितलं, की त्या दिवसापासून आपण पान ओठाला लावलेलं नाही, आणि मरेपर्यंत लावणार नाही. दुसरं काहीही सांगा.

बाबांनी वाकून पान उचललं. पुसलं. पुन्हा त्याच्या हातावर ठेवलं आणि शेजारी बसून राहिले.

सावल्या ओसरीची एक पायरी चढल्या. बाबा हलले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आग्रहही नव्हता.

शेवटी उदारामने पान दुमडलं.

पहिल्यांदा नुसतीच हवा निघाली. दुसऱ्यांदा हाक निघाली, पण मधेच तुटली. त्याने पंचवीस वर्षांत कधी अशी हाक मारली नव्हती. श्वास आखूड पडत होता. तिसरी हाकही तशीच तुटली. उदारामने पान ओठावरून काढलं. या हाकेला काही कोणी येत नाही, असं त्याच्या मनात आलं.

काठावरच्या झाडीत पानं हलली.

हरणी बाहेर आली. थबकली. कान टवकारून तिने वास घेतला. दोन माणसं उघड्यावर बसलेली तिला दिसत होती, तरी ती गवत तुडवत पुढे आली. दहा पावलांवर येऊन उभी राहिली. मान खाली घालून तिने एका बाजूचं गवत हुंगलं, मग दुसऱ्या बाजूचं. मग मान वर करून थेट उदारामकडे पाहिलं.

आज कुणाच्याही हातात बंदूक नव्हती. इतका वेळ उभी राहिलेली हरणी त्याने आजवर कधी पाहिलीच नव्हती. त्याआधीच बार उडायचा. पाडस मिळालं नाही म्हणजे ती पुढे काय करते, हे त्याला पंचवीस वर्षांत ठाऊक झालं नव्हतं.

ती पुन्हा हुंगू लागली. तीच जागा. मग पुन्हा तीच.

“बाबा, ती जात नाही...”

बाबा हरणीकडे बघत राहिले.

“तिला हाकलू का?”

“हाकललीस तर दुसरीकडे जाऊन शोधील.”

उदारामच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायचंही त्याला सुचलं नाही. मी काय करू ते तरी सांगा, तो म्हणाला.

“तिला सांग.”

“काय सांगू?”

“जे खरं आहे ते.”

“जनावर आहे ती, बाबा. तिला काय कळणार?”

केवळगिरी बाबांनी त्याच्याकडे पाहिलं.

“मग जिला कळेल, तिला सांग.”