झाडाला बांधलेला दोर

फार पूर्वी, राजांची नावं कुणी लिहून ठेवत नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी कान देऊन ऐकावी, आणि मोठ्यांनी ऐकत नसल्यासारखं करून ऐकावी.

एका उंच कड्याच्या माथ्यावर मध काढणाऱ्यांचं गाव होतं. कड्याच्या पोटाला आग्या मोहोळाची सुपाएवढी पोळी लटकत. ती काढायची म्हणजे दोराला लोंबकळत खाली उतरायचं. एका हातात धुराचा पलिता, पाठीला टोपली, आणि जीव वर दोर धरणाऱ्याच्या हातात.

म्हणून त्या गावाचा एक नेम होता. दोराचा कड्यावरच्या दगडाच्या सुळक्याला वेढा द्यायचा आणि टोक वरच्या माणसानं स्वतःच्या कमरेला बांधायचं. झाडाला कधीच नाही. झाड माणसापेक्षा बळकट असतं हे त्या लोकांना कळत नव्हतं असं नाही. पण खालच्यानं हिसका दिला की वरच्यानं लगेच एक हलका हिसका परत द्यायचा, म्हणजे ‘मी आहे’. मग खालचा पुढचं सांगणार, सैल सोड किंवा ओढ. झाडाला हे कसं जमावं?

आणि दोर धरायचा तो बायकोच्या भावानं. सख्खा भाऊ वाटणीचा धनी, त्याच्या मनात कधी काय येईल सांगता येत नाही. मेहुणा मात्र बहिणीचं कुंकू जपणार, असा जुन्या लोकांचा विचार. मुलगा मोठा झाला की मामाच्या हातातला दोर त्याच्याकडे येई. कधी, ते बाप ठरवी.

अशाच एका बापाला एक मुलगा होता. त्याला मिसरूड फुटून बराच काळ लोटला होता. बरोबरीची पोरं कमरेला दोर बांधून कड्यावर उभी राहत, आणि हा आपला घरी पोळी पिळत बसे. बापाला विचारलं तर तो नुसतं “होईल” म्हणे. बाचा आपल्यावर भरवसा नाही, असं मुलाच्या मनानं घेतलं. दुरून डोंगर साजरे म्हणतात, पण डोंगरावरच जन्मलेल्या या पोराला दुरून मैदान साजरं दिसू लागलं.

शेवटी एका हंगामात मामाचे हात थरथरू लागले. बापानं दोराचं टोक मुलाच्या कमरेला बांधलं, गाठ पुन्हा पुन्हा ओढून पाहिली आणि काही न बोलता कड्यावरून उतरला. ज्याची इतकी वर्षं वाट पाहिली ते असं मुकाट्यानं पदरात पडलं, याचं मुलाला वाईट वाटलं. त्याला कौतुकाचे दोन शब्द हवे होते. बापापाशी नेमके तेवढेच नव्हते.

तेवढ्यात त्याचा जिवलग मित्र धापा टाकत आला. खालच्या बाजारात राजाचे स्वार आले होते. घोडदळासाठी तरणी पोरं निवडत होते आणि दुपारी निघून जाणार होते. बा खाली उतरलाय, असं मुलानं सांगितलं, तेव्हा मित्र हसला.

“त्या अंजनाच्या झाडाला बांध. ते तुझ्यापेक्षा घट्ट धरेल. तुझ्या बाला तरी कुठं तुझा भरवसा होता?”

घाव नेमका दुखऱ्या जागी बसला. मुलानं कमरेची गाठ सोडली, दोर झाडाला चांगले वेढे घालून बांधला आणि गेला. बापाच्या जिवावर उठायचं त्याच्या मनातही नव्हतं. दगा देणाऱ्याच्या मनात बहुधा तसं काही नसतंच. त्याला फक्त दुसरीकडे जायचं असतं.

बाजारात स्वारांच्या नाईकानं त्याचे खांदे चाचपले आणि घरी काही काम अडलंय का, म्हणून विचारलं. मुलगा नाही म्हणाला. त्याच्या आणि मित्राच्याही डोक्यावर लाल पागोटं चढलं आणि घरच्यांचा निरोप घेऊन दोन दिवसांत मैदानातल्या छावणीत हजर व्हायचं ठरलं. पागोटं सावरत तो चढ चढून घरी आला, आणि दारातच थबकला.

बाप अंथरुणावर पडला होता. सुजलेला चेहरा ओळखू येत नव्हता, डोळे मिटले होते. मामा त्याच्या अंगातले माश्यांचे काटे काढत होता. घडलं ते मामानंच सांगितलं. माश्या उठल्या तेव्हा बापानं हिसका दिला. उत्तर आलं नाही. पुन्हा दिला, पुन्हा नाही. दोर तुटला नाही, गाठ सुटली नाही, झाड जागचं हललं नाही, आणि बाप तसाच माश्यांमध्ये लटकत राहिला. भाकरी घेऊन गेलेल्या मामाला झाडाला बांधलेला दोर थरथरताना दिसला. त्या कापऱ्या हातांनी एवढ्या माणसाला वर कसं ओढलं, ते त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

“वर आल्यावर दाजी पहिलं काय बोलले ठाऊक आहे?” मामा म्हणाला. “पोरगं कुठं आहे, कड्यावरून पडलं तर नाही ना?”

उत्तर येत नाही म्हणजे पोरगंच पडलं असणार. दुसरं काही त्या बापाच्या मनात आलंच नव्हतं.

कड्यावर कुणी जायबंदी झालं की दुसऱ्या सकाळी गाव वडाखाली बसे आणि दोर कुणी धरला होता ते विचारलं जाई. दोर सोडून जाणाऱ्याच्या हाती पुन्हा कुणी दोर देत नसे, मग तो कुणाचाही मुलगा असो. बापाला हे ठाऊक होतं. मेहुण्याच्या खांद्यावर हात ठेवून तो वडाखाली आला आणि म्हणाला, की पोरगं जागेवरच होतं, हिसका आपणच चुकीचा दिला. मामा खाली मान घालून बसला. त्याच्याकडून बापानं आधीच वचन घेतलं होतं.

पण चुकीचा हिसका देणाऱ्यालाही नेम होताच. असा माणूस वरच्यालाही खाली ओढतो, म्हणून त्यानं पुन्हा कड्याला उतरायचं नाही. मुलाला वाचवायला बापानं आपल्या जन्माच्या कामावर आपल्याच हातानं पाणी सोडलं होतं. गाव हळहळलं, कारण त्याच्यासारखा उतरणारा दुसरा नव्हता.

मित्र मुलाच्या कानाशी लागला. म्हातारा स्वतःच म्हणतोय तर तू कशाला तोंड उघडतोस, उद्या आपण घोड्यावर असू, असं तो म्हणाला. खरंच, गप्प बसायला काहीच करावं लागत नव्हतं. मुलानं बापाकडे पाहिलं. त्याचे डोळे अजून मिटलेलेच होते, तरी मुलगा बसला होता त्या दिशेलाच त्याचं तोंड होतं. मुलगा उठला, पागोटं काढलं आणि बापाच्या पायाशी ठेवलं.

“बा खोटं बोलतोय,” तो म्हणाला. “हिसका बरोबर होता. वर मीच नव्हतो. दोर झाडाला बांधून मी बाजारात गेलो होतो.”

मित्र हळूच बाजूला सरकला. मुलानं त्याचं नाव घेतलं नाही, हेही सांगायला हवं.

गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईनं निवाडा दिला. याच्या हाती कुणी दोर देऊ नये, आणि कुणाला आपखुशीनं द्यायचाच असेल तर त्याचा जीव त्याचा. आपलं लाल पागोटं घालून मित्र एकटाच मैदानाकडे गेला.

सूज उतरली तेव्हा बापाचा एक डोळा उघडला, दुसरा कधीच उघडला नाही. एका सकाळी तो मुलाला कड्यावर घेऊन गेला. दोर त्यानं मुलाला बांधला, टोक आपल्या कमरेला, आणि त्याला खाली सोडलं.

कड्याच्या पोटाशी वारा होता आणि पायाखाली काहीच नव्हतं. मुलाचे हात गार पडले. त्यानं हिसका दिला, आणि मूठ सैल व्हायच्या आत वरून हलका हिसका आला. मी आहे. त्यानं उगाचच पुन्हा दिला. पुन्हा उत्तर आलं. तेव्हा उत्तर न येणं म्हणजे काय ते त्याला कळलं, आणि तो दगडाला कपाळ टेकून रडला.

वर आल्यावर बापानं त्याचे डोळे पाहिले, पण खाली किती पोळी आहेत एवढंच विचारलं. मग आपल्या कमरेचं टोक सोडून तो मुलाला बांधू लागला. मुलगा मागे सरला. म्हणाला, “नको, बा. गाव काय म्हणेल?”

“गावाला कुठं उतरायचंय?” बाप म्हणाला. “उतरायचंय मला.”

त्यानं गाठ मारली. या वेळी ती ओढून पाहिली नाही. पलिता उचलला आणि वर न बघता तो कड्याखाली उतरला. थोड्या वेळानं एक माशी येऊन मुलाच्या पापणीला डसली. त्यानं दोरावरचा हात उचलला नाही. दोर हलला, आणि त्यानं उत्तर दिलं.

गोष्टीचं सांगणं एवढंच: माणूस दोराला लटकत नाही, दोर धरणाऱ्याच्या भरवशाला लटकतो, आणि तो भरवसा एकदा तुटला की खरं बोलल्याशिवाय जोडता येत नाही.