कडेपासून दोन हात

एका तालुक्याच्या गावी एकदा एक वृद्ध परिचारिका निवृत्तीनंतर राहायला आल्या. एकतीस वर्षे लसींचा डबा कॅरियरला बांधून त्या सायकलवरून वाड्यावस्त्या हिंडल्या होत्या. आता वेळ कसा घालवणार, असे लोक विचारत, तेव्हा त्या म्हणत, "बायकांना सायकल शिकवणार." लोकांना ती थट्टा वाटली. पण एप्रिल उजाडला आणि शाळेच्या मैदानावर सकाळी सहा वाजता चाळिशी ओलांडलेल्या नऊ बायका पदर खोचून उभ्या राहिल्या. सगळे गाव त्यांना सिस्टर म्हणे. आपणही सिस्टरच म्हणू.

सिस्टरांची शिकवण्याची रीत ठरलेली होती. पहिल्याच दिवशी त्या प्रत्येकीच्या सायकलची सीट अगदी खाली करीत. बसल्या जागी दोन्ही पाय जमिनीला पुरते टेकले की पडण्याची भीती जाते, आणि भीती गेली की तोल येतो, असे त्यांचे म्हणणे होते. ते खरेही ठरले. पंधरा दिवसांत नऊच्या नऊ जणी मैदानाला फेऱ्या मारू लागल्या.

त्यांच्यापैकी वैजयंता सत्तेचाळीस वर्षांची होती. आयुष्यात प्रथमच तिला घराबाहेरचे काम मिळाले होते. गावापासून पाच किलोमीटरवर एक रोपवाटिका होती. तिथे आंब्याची कलमे बांधायला बायका लागत. वैजयंताने पहिल्याच दिवशी बांधलेली कलमे इतकी नेटकी होती, की मालकीणबाई म्हणाल्या, "हात चांगला आहे तुमचा. तीन आठवडे या. मग कायमचं ठरवू." अडचण एकच होती. कामाला सकाळी आठला हजर व्हावे लागे आणि त्या वाटेवरची पहिली बस साडेदहाला होती. नवरा काही वाईट माणूस नव्हता. "सोडतो ना मी," असे तो रोज म्हणे. पण तो दुकान उघडायला घराबाहेर पडे तो साडेनऊला. म्हणजे सायकल असेल तर काम होते, नाही तर नाही. सिस्टरांनी आपल्या जुन्या लेडीज सायकलींपैकी एक तिला वापरायला दिली.

पहिल्या आठवड्यात तिला बसायला दुखू लागले. तिने सीटवर फोमचे कव्हर चढवले. दुखणे वाढले, तेव्हा कव्हरावर घडी घातलेला टॉवेल आला. दुसऱ्या आठवड्यात गुडघे धरले. रोपांच्या वाफ्याशी उकिडवे बसताना तिला आता हात टेकावा लागे. हे कुणाला सांगणार? एकतीस वर्षे सायकलवर काढलेल्या बाईला जाऊन 'मला बसायला दुखते' म्हणणे तिच्या जिभेवर येईना. नेमके कुठे दुखते, हे तर घरातही सांगता येण्यासारखे नव्हते. शेवटी तिने स्वतःशी एक उत्तर तयार केले. वय झाले.

रस्त्यावरची तिची वागणूक तिच्या स्वभावाला साजेशी होती. आपल्यामुळे कुणाची खोटी होऊ नये, म्हणून ती डांबराची अगदी कड धरून सायकल चालवी. मागून हॉर्न वाजला की डांबर सोडून मुरुमात उतरे आणि वाहन गेले की परत वर येण्याची खटपट करी. अशी ती दोनदा पडली. कोपर खरचटले, तेव्हा घरी तिने सांगितले की नळापाशी पाय घसरला. तिसऱ्यांदा, एका शनिवारी, मुरुमात चाक वळले आणि ती आत रस्त्यावरच पडली. मागून येणारा दुधाचा टेम्पो तिच्या डोक्यापासून हातभर अंतरावर थांबला.

सोमवारी मालकीणबाईंना उत्तर द्यायचे होते. रविवारी सकाळी वैजयंता सायकल हातात धरून सिस्टरांच्या घरी गेली.

"सिस्टर, सायकल परत करायला आलेय. नाही जमत. वय झालं आता."

सिस्टरांनी तिच्याकडे एकदा पाहिले. "बस आधी," त्या म्हणाल्या.

आत पंख्याखाली दोन वेताच्या खुर्च्या होत्या. त्यांतली एक रिकामी होती. पण सिस्टरांनी बालवाडीतल्या मुलांची असते तशी एक बुटकी लाकडी खुर्ची आणली, ती नेमकी दाराच्या वाटेत ठेवली, तिच्याकडे बोट दाखवले आणि स्वतः आत वर्तमानपत्र उघडून बसल्या.

वैजयंता बसली. गुडघे हनुवटीशी आले.

रविवारी त्या घरात सायकल शिकलेल्या बायकांची वर्दळ असे. सायकली अंगणात आणि हवा भरायचा पंप परसात. त्यामुळे प्रत्येकीला त्याच दारातून जावे यावे लागे. पहिली आली जुबेदा, हातात तेलाचा डबा घेऊन.

"काय गं, दारात बसून तिकिटं फाडतेस की काय?"

"सिस्टरांनी बसवलंय."

"मग सरक जरा. तेल सांडलं तर मला बोलू नको."

वैजयंता सरकली. दुसरी पंप घेऊन आली, त्याचा दांडा हिच्या खांद्याला लागला. तिसरीची बादली गुडघ्यावर आपटली. जी येई तिला वैजयंता अंग चोरून वाट देई आणि वर "असू दे, असू दे," म्हणे. चहा आला, आणि कुणाचे तरी कोपर लागून तो अर्धा तिच्या साडीवर सांडला. सिस्टर आत निवांतपणे पान उलटत होत्या. ज्ञानी माणसांची ही खोड जुनी आहे. जे एका वाक्यात सांगता येईल, त्यासाठी ती समोरच्याला तासभर ताटकळत ठेवतात, आणि वर त्यालाच शिकवण म्हणतात.

अखेर वैजयंता उठून उभी राहिली.

"सिस्टर, ही काय माणसानं बसायची जागा आहे? गुडघे मोडले माझे. येणारी-जाणारी प्रत्येक जण धडकतेय. आत खुर्ची रिकामी आहे आणि मी इथं दारात. माझं काही चुकलं असेल तर तोंडावर सांगा ना."

सिस्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. "चाळीस मिनिटं. मला वाटलं होतं, दहा मिनिटांत उठशील."

"उठणार कशी? तुम्ही बसवलंत."

"बसवलं होतं. बांधलं नव्हतं."

सिस्टरांनी वर्तमानपत्राची घडी केली. "गुरुवारी संध्याकाळी मी बसमधून येत होते. कालव्याच्या पुलाशी तू दिसलीस. गुडघे छातीशी, मान खाली, चाक मुरुमात. मला ती सायकल चालवणारी बाई वाटलीच नाही. कधीही उतरायला सांगतील म्हणून तयारीत बसलेली बाई वाटली. पाय टेकले पाहिजेत म्हणून सीट खाली. दुसऱ्याला वाट मिळाली पाहिजे म्हणून आपण कडेला. दुखतंय, पण शिकवणारीला काय वाटेल म्हणून गप्प. या खुर्चीत बसलीस ना, तशीच तू सायकलवर बसतेस. खुर्चीत नुसतं अवघडायला होतं. सायकलवर गुडघे जातात आणि त्या मुरुमात जीव जाऊ शकतो. तुझ्या वयाचा यात काही संबंध नाही."

एरवी अशा कथेत शिष्याने इथे हात जोडायचे असतात. वैजयंताने जोडले नाहीत.

"मग गुरुवारीच घरी येऊन सांगायचं होतंत," ती म्हणाली. "काल मी रस्त्यावर पडले, सिस्टर. दुधाचा टेम्पो इथं थांबला, इथं." तिने डोक्याच्या बाजूला हात धरून अंतर दाखवले. "हे शिकवायला तुम्ही रविवारची वाट बघत होतात?"

अंगणातला पंपाचा आवाज थांबला. सिस्टरांचा चेहरा उतरला.

"टेम्पोचं मला ठाऊक नव्हतं," त्या हळू म्हणाल्या. "गुरुवारीच यायला हवं होतं. ते माझं चुकलं. आणि त्याच्या आधीचंही एक चुकलंय. सीट खाली मीच केली होती. शिकताना ती खालीच हवी. शिकून झालं की वर करायची असते, हे मी तुम्हा नऊ जणींपैकी एकीलाही सांगितलं नाही. मला वाटलं, त्यात काय सांगायचं, कळेलच. स्वतःला फार वर्षं येत असलं की असं होतं."

दारातून जुबेदाने डोके आत घातले. "म्हणजे माझे गुडघे म्हातारे झालेले नाहीत?"

"गुडघे ठीक आहेत तुझे. कान मात्र फार तरुण आहेत."

सगळ्या हसल्या. सिस्टरांनी बुटकी खुर्ची उचलून कोपऱ्यात ठेवली, वेताची पुढे ओढली आणि वैजयंताला म्हणाल्या, "इथं बस. आता कुठं दुखतं ते सांग. जागेचं नाव घेऊन सांग. मी नर्स आहे."

वैजयंताने सांगितले. पहिली दोन वाक्ये कुजबुजत, पुढची नेहमीच्या आवाजात. ऐकता ऐकता आणखी दोघी आत येऊन जमिनीवर बसल्या, कारण त्यांचेही तेच होते आणि त्याही आपले वय मोजत बसल्या होत्या.

सिस्टरांनी आधी टॉवेल काढला, मग फोमचे कव्हर. "मऊ गादीत हाडं रुततात आणि भार भलत्याच नाजूक जागी येतो. आपली बसायची दोन हाडं असतात, त्यांना टणक आणि रुंद सीट लागते. आत जाड शिवणीचं काही घालायचं नाही. आणि पाळी जायच्या वयात तिथली त्वचा कोरडी होते, लवकर सोलवटते. त्यात लपवण्यासारखं काही नाही. डॉक्टरबाईंना दाखव, मलम देतील."

"एवढंच?" वैजयंताने विचारले.

"एवढंच. तीन आठवडे तू त्याला म्हातारपण म्हणत होतीस."

मग त्यांनी पाना घेतला. पॅडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय जेमतेम सरळ व्हावा, इतकी सीट वर घेतली. चार बोटे वर गेली. वैजयंता बसली आणि घाबरून म्हणाली, "पाय टेकत नाहीत."

"टेकायचे नसतातच. थांबायचं असेल तेव्हा ब्रेक दाब, सीटवरून पुढे सरकून खाली ये, मग एक पाय टेक. बसल्या बसल्या जमीन शोधायची नाही."

दुपारपर्यंत मैदानावर नऊ जणी नुसत्या थांबायला शिकत होत्या. जुबेदा दोनदा थांबली ती सिस्टरांच्या अंगावर. वैजयंताला विसाव्या खेपेला जमले, आणि मग ते जमतच राहिले. निघताना सिस्टरांनी आपले हेल्मेट तिच्या डोक्यावर चढवून पट्टा आवळला.

"लोक हसतील."

"हसू देत. आणि ऐक. डांबराच्या कडेपासून दोन हात आत चालवायची, सरळ रेषेत. हॉर्न वाजला म्हणून मुरुमात उतरायचं नाही. तू समोर नीट दिसलीस की मागचा वळसा घालून जातो. तू कडेला चिकटलीस की त्याला वाटतं, आहे जागा, घुसावं."

सोमवारी पावणेसातलाच वैजयंता निघाली. कडेपासून दोन हात आत येताना तिला कुणाच्या तरी घरात न विचारता शिरल्यासारखे वाटले. कालव्याच्या पुलाअलीकडे मागून हॉर्न वाजला. हात आपोआप डावीकडे वळू लागले. तिने दात आवळले आणि हँडल सरळ धरले. हॉर्न पुन्हा वाजला. मग मागच्या गाडीचा आवाज मंदावला, काही क्षण ती मागूनच येत राहिली, आणि समोरचा रस्ता मोकळा होताच एक टेम्पो तिला भरपूर जागा ठेवून पुढे निघून गेला. चालकाने साधे वळूनही पाहिले नाही. तो रागावलेला नव्हता. त्याच्या लेखी रस्त्यात एक सायकल होती, आणि सायकल असली की वळसा घालायचा असतो, इतकेच.

वैजयंताने छातीत कोंडलेला श्वास सोडला. तो केवळ त्या दिवसाचा नव्हता.

रोपवाटिकेच्या फाटकाशी ती पुढे सरकली, एक पाय टेकला, थांबली. मालकीणबाई हजेरीची वही घेऊन उभ्या होत्या.

"आज लवकर? मग, काय ठरवलंत?"

"येणार मी. कायमची."

"दम नाही लागला?"

"लागला थोडा." वैजयंताने हेल्मेट काढून घाम पुसला. "बाई, पुलाच्या पलीकडं बांधावर रायवळ आंब्याचं मोठं झाड आहे. खाली कोयींचा सडा पडलाय. रुजवल्या तर ती रोपं कलमाच्या खुंटांसाठी चालतील आपल्याला."

मालकीणबाईंनी वहीतून मान वर केली. "तीन आठवडे त्याच रस्त्यानं येताय. आधी नाही बोललात?"

"आधी दिसलं नव्हतं," वैजयंता म्हणाली, आणि सायकल भिंतीला लावून वाफ्याकडे गेली.