पोथीची गाठ

“...आणि त्यानं खोटं अक्षर ओळखलं तर?” लेखनबाबांनी बोरू न थांबवता विचारलं.

“ओळखलंच ना, बाबा! तेच तर रडगाणं आहे,” शाल्मली म्हणाली, आणि आपल्या तोंडून हा शब्द गेलाच कसा, याचा तिला राग आला.

रडायला थोडीच आली होती ती! डॉक्टर शाल्मली गव्हाणे. नागिणीच्या विषाणूवर सहा वर्षं काम. नाकावर माशी बसू द्यायची नाही.

नदीकाठच्या या मठात बाबा साठ वर्षं पोथ्या उतरवत होते, म्हणून गाव त्यांना लेखनबाबा म्हणायचं. लहानपणी शाल्मली त्यांच्याकडं अक्षर गिरवायला यायची. चार वर्षं तिनं शाई घोटली, बोरू तासले. पण मठाच्या मूळ पोथीची गाठ बाबांनी तिला एकदाही सोडू दिली नाही. “अजून नाही,” एवढंच म्हणायचे. बाराव्या वर्षी पोरगी फणकाऱ्यानं उठली, ती गेलीच.

आज वीस वर्षांनी आली होती, ती आपण कुठं पोचलो ते दाखवायला. आणि दाखवता दाखवता खरं बोलून बसली.

“पुन्हा सांग,” बाबा म्हणाले. “मला कळेल असं.”

“लहानपणी कांजिण्या येतात ना, तोच विषाणू अंगात दबा धरून बसतो आणि पुढं नागीण होऊन बाहेर पडतो. त्याची स्वतःची एक पोथी असते. डीएनए म्हणतात. आपल्या पेशीत शिरला की तो तिच्या नकलांवर नकला काढतो. त्यासाठी त्याचा स्वतःचा लेखक असतो, एक एन्झाइम. मी त्या लेखकाला खोटं अक्षर देते. ते लिहिलं की पुढचं जोडता येत नाही. नक्कल तिथंच खुंटते.”

“बरं आहे की.”

“बरं होतं! काही रुग्णांतला लेखक आता बदललाय. खोटं अक्षर घेतच नाही, घेतलं तर खोडून टाकतो. सतरा अक्षरं केली मी, बाबा. सतरा! एकालाही तो दाद देत नाही.”

“मग?”

“मग काय... आमच्या संस्थेच्या संचालकांनी सहा महिने दिलेत. तेवढ्यात काही जमलं नाही तर माझं काम बंद. आणि त्या रुग्णांनी कुणाकडं बघायचं?”

बाबांनी बोरू खाली ठेवला.

“मी विषाणू,” ते म्हणाले. “थांबव मला.”

शाल्मलीला हसू आलं. ऐंशीच्या पुढचा म्हातारा, हाताला कंप. याला थांबवायला काय लागतंय!

बाबा लिहू लागले. तिनं दौत उचलून मागं लपवली.

बाबांनी चौरंगाखालून दुसरी दौत काढली.

तिनं बोरू ओढून घेतला. बाबांनी कानावरचा काढला.

मग तिनं आपलं हुकमी पान टाकलं. बाबांच्या कोपराला हळूच धक्का दिला. अक्षर वेडंवाकडं गेलं. “आता?”

बाबांनी वाटीतला पिवळा हरताळ बोटावर घेतला, चुकलेल्या अक्षरावर फासला, फुंकर घातली, आणि वरून नीट अक्षर काढलं. मान वरसुद्धा केली नाही.

“असा खोडसाळपणा चालायचा नाही, बाबा! तुमच्याकडं सगळंच दुसरं आहे.”

“त्याच्याकडं नाही?”

शाल्मलीनं दौत आणि बोरू चौरंगावर परत ठेवले.

“आता माझी पाळी,” बाबा म्हणाले. “तू लिही. मी थांबवतो.”

त्यांनी तिच्यापुढं चांगला कागद ठेवला. भरलेली दौत ठेवली. चार बोरू, हरताळाची वाटी, सगळं ठेवलं. वर खिडकीही उघडून दिली, उजेड यावा म्हणून.

शेवटी मूळ पोथी आणली. दोन फळ्यांमध्ये सुटी पानं, वर लाल रुमाल, रुमालावर दोरी. पोथी तिच्यासमोर ठेवून बाबांनी दोरीच्या गाठीवर तळहात ठेवला.

“लिही.”

“काय लिहू? पोथी सोडा की आधी!”

बाबांनी हात काढला नाही.

“बाबा, सोडल्याशिवाय मी कशी...”

वाक्य तिथंच राहिलं.

विषाणूच्या पोथीचे दोन पदर एकमेकांत पिळलेले असतात. ते उसवून दिल्याशिवाय लेखकाला काही दिसतच नाही. आणि उसवणारं एन्झाइम वेगळं असतं, लेखकाहून अगदी निराळं. शाल्मलीला हे ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. परीक्षेत लिहून पैकीच्या पैकी मार्क घेतले होते बाईनं! पण सहा वर्षं ती लेखकाशीच हमरीतुमरीवर आलेली. पोथी सोडणाऱ्याकडं तिनं ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

तिनं बाबांच्या हाताकडं पाहिलं.

मग उठली आणि पळत सुटली. चपला मठाच्या पायरीवरच राहिल्या.

पाच महिने मठात तिचा पत्ता नव्हता.

आणि एका सकाळी ती आली, ती अंगणातूनच ओरडत. “बाबा! जिंकले! बाबा, जिंकले हो!”

हातात पेढ्यांचा पुडा, डोळ्यांत पाणी, आभाळ ठेंगणं झालेलं. धापा टाकतच तिनं सांगितलं. प्रयोगशाळेच्या कपाटात धूळ खात पडलेली दोन हजार रसायनं तिनं एकेक करून त्या उसवणाऱ्या एन्झाइमवर लावून पाहिली. एकानं त्याला जखडून टाकलं. त्याच हट्टी विषाणूवर, बशीतल्या जिवंत पेशींवर, तीन तीनदा पडताळून पाहिलं.

“एकही पेशी मेली नाही, बाबा! लेखक बोरू सरसावून बसलाय, शाई आहे, अक्षरं आहेत, आणि पोथी काही उघडत नाही! माणसापर्यंत जायला अजून वर्षं लागतील. लागू देत! काम चालू राहिलं माझं. संचालक स्वतः उठून माझ्या टेबलापाशी आले.”

बाबांनी एक पेढा तोंडात टाकला. सावकाश खाल्ला.

“माझी अक्कल नव्हे ही,” शाल्मली एकदम हळू आवाजात म्हणाली. “तुम्ही गाठीवर हात ठेवलात म्हणून...”

बाबा उठले. आतून मूळ पोथी घेऊन आले. तिच्यासमोर ठेवली आणि आपला हात बाजूला घेतला.

शाल्मली गाठीकडं पाहत राहिली. पोरवयातली चार वर्षं जिच्यासाठी झुरली, तीच ती गाठ. तिचा हात पुढं झाला आणि थबकला.

“मी...?”

“हात धुऊन ये आधी,” बाबा म्हणाले. “पेढ्याचं तूप लागेल पानांना.”