रिपोर्टचा बेलभंडार

"रिपोर्टवर विश्वास ठेवायचा नाही, तर मग ठेवायचा कशावर, बुवा? तुमच्या नाकावर?"

दिगंबरने असं विचारलं तेव्हा हैबतबुवा खंडोबाच्या देवळाच्या पायरीवर बसून सुपारी कातरत होते.

गुरूशी असं बोलतात का, असं कुणी म्हणेल. करपेवाडीच्या डोंगरावर बोलतात. बुवांना मान डोलावणारा चेला नकोच होता. तसले नंदीबैल खाली तालुक्याला पुष्कळ मिळतात, असं ते म्हणायचे.

दिगंबर याच डोंगरावरचा. शहरात जाऊन शिकला, कॉम्प्युटरवर बसला, मग तिथलं सगळं सोडून देवळाचा कारभार बघायला परत आला. बुवांचे पाय चेपायचा आणि बुवांशी भांडायचा, दोन्ही मनापासून.

भांडण आज गाडीवरून होतं.

डोंगरावरच्या वाड्यांना दवाखाना नाही. अडलेल्या बाईला घाट उतरून खाली न्यायचं ते देवळाच्या जीपमधून, आणि ती जीप कायमची बसली होती. चैत्रात एका बाईला झोळी करून नेलं. ती घाटातच बाळंत झाली. बाळ राहिलं नाही.

आता बायडाक्काची सून सुरेखा नवव्या महिन्यात होती. तिला कुणी झोळीत घालायचं नाही, असं सगळ्या वाड्यांनी ठरवलं आणि मेंढरं विकून गाडीच्या पैशांची सोय केली. गाडी शोधायचं काम दिगंबरकडे आलं.

त्याने शोधली. पांढरी व्हॅन, सेकंडहँड, पण नव्यासारखी. देवळासमोर लिंबाखाली उभी होती. जुन्या गाड्या घेऊन विकणारे शहाजी फडतरे शेजारच्या कट्ट्यावर चहा पीत होते.

"वाच पुन्यांदा," बुवा म्हणाले.

दिगंबरने इंटरनेटवरून छापून आणलेला रिपोर्टचा कागद झटकला.

"मालक एक. अपघात नाही. विम्याचा दावा नाही. पोलिसांत गुन्हा नाही. कर्ज नाही. गाडी स्वच्छ."

"हे लिवनाऱ्यानं गाडी बघितली?"

"बघावी लागत नाही. नंबर टाकला की सगळीकडची नोंद येते. आरटीओ, विमा कंपनी, पोलीस..."

"आन् ह्यातल्या कुनाला कुनी सांगितलंच न्हाई तर?"

"काय सांगितलं नाही?"

"त्येच तर म्हनतो मी."

...

दिगंबर चिडला. त्याचं चिडणं मला अगदी खोटं वाटत नाही. रात्रंदिवस खपून माणूस एक गोष्ट पक्की करून आणतो, आणि समोरचा सुपारी कातरत तिला फाटे फोडतो.

"बुवा, तुमच्या काळी बैलाचे दात बघून बैल घ्यायचे. तेव्हा फसवाफसवी नव्हती? दातांना कानस मारून म्हाताऱ्या बैलाला तरणा करायचे की नाही बाजारात?"

बुवा खो खो हसले.

"करायचे तर! मी सवता घेतलाय आसला. घरला आणला आन् पाडव्याला बसला, त्यो उठलाच न्हाई."

"मग? तुमच्या दातांपेक्षा माझा कागद काय वाईट?"

"वाईट कोन म्हनलं? पर त्या बैलाच्या वक्ताला म्या येक चूक केली हुती."

"कसली?"

"दात बघितलं. बेलभंडार मागितला न्हाई."

हे इथल्या बाजाराचं जुनं वळण. सौदा ठरला की विकणाऱ्यापुढे खंडोबाच्या पायावरचं बेलाचं पान आणि त्यावर चिमूटभर भंडारा ठेवायचा. जनावरात खोट नाही असं बोलून त्याने ते उचलायचं. दात कानसणारा बिनदिक्कत कानसायचा, पण भंडाऱ्यापुढे त्याचा हात अडखळायचा.

बुवा उठले. गाभाऱ्यातून बेलाचं पान आणलं, कमरेची भंडाऱ्याची पिशवी सोडली.

"फडतरे, या असं."

फडतऱ्यांनी चहा खाली ठेवला. ते काही लबाड दिसत नव्हते. चारचौघांसारखा धंदेवाला माणूस, पोट सुटलेला, घाम पुसणारा.

"बुवा, मी कशाला उचलू? मी ती मूळ मालकाकडून विकायला घेतली. माझ्याकडं आली तवा अशीच चकचकीत होती. रिपोर्ट आहे की! त्यात सगळं आलंय."

"बरं. तुमी नका उचलू."

बुवांनी दिगंबरच्या हातातून कागद घेतला, पायरीवर सरळ पसरला. वाऱ्याने उडू नये म्हणून कडेला अडकित्ता ठेवला. मग कागदाच्या मधोमध बेलाचं पान ठेवलं, पानावर भंडारा.

"उचल," बुवा कागदाला म्हणाले.

...

लिंबावर एक कावळा ओरडला. फडतऱ्यांनी दिगंबरकडे बघितलं, दिगंबरने आभाळाकडे.

"उचल बाबा. गाडीत खोट न्हाई म्हन आन् उचल. पोरीचा जीव हाय मधी."

"बुवा, चेष्टा बास झाली."

"चेष्टा? मी वाट बघतोय."

आणि खरंच बसले म्हातारबुवा वाट बघत. हनुवटीखाली हात घेऊन, कागदावर नजर लावून, पोलिसपाटलापुढे साक्षीदार बोलायची वाट बघावी तसे.

दिगंबर पुढे झाला.

"ठीक आहे! कागदाला हात नाहीत, मला आहेत. मी उचलतो!"

"उचल."

"मी म्हणतो, गाडी चांगली आहे."

"माझ्याकडं बघून नगं. द्येवाकडं बघून बोल, आन् उचल."

दिगंबर वाकला. त्याची बोटं पानाला लागली.

शहरात त्याने देव मानला नव्हता. इथेही देवळाचा हिशेब ठेवायचा, पण नवसाच्या गोष्टी निघाल्या की उठून जायचा. आताही त्याला खंडोबाची भीती वाटली असेल असं मला वाटत नाही. पण सुरेखा त्याच्याच आळीतली होती. गाडी येणार म्हणून सकाळी अवघडल्या अंगाने दारात येऊन उभी राहिली होती. "दिगूदादा, आता मला झोळी नको ना रे?" असं तिने विचारलं होतं.

आणि तो छाती काढून म्हणाला होता, "मी आहे ना."

बोटं तशीच राहिली... मग मागे आली.

तो उठला आणि गाडीकडे गेला. इतक्या दिवसांत त्याने रिपोर्ट तोंडपाठ केला होता. गाडीचं मागचं दार मात्र आज पहिल्यांदा उघडत होता.

आतली मॅट नवी कोरी. ती त्याने ओढून काढली. खाली जादा चाक होतं. तेही उचलून बाहेर टाकलं, आणि चाकाच्या खड्ड्यात हात घातला.

हात बाहेर आला तो काळ्या गाळाने भरलेला. वाळून भुकटी झालेला गाळ. त्या भुकटीत नखाएवढी पांढरी शिंपली.

करपेवाडीच्या डोंगरावर भर पावसाळ्यात टँकर येतो. आमच्याकडच्या चिखलात शिंपली सापडत नाही. ती नदीत असते, आणि नदी गाडीत शिरल्याशिवाय गाडीत येत नाही.

"पुरात बुडालीय ही," दिगंबर म्हणाला. "सीटच्या वरपर्यंत बुडाली असेल. सगळं वायरिंग पाण्यात गेलं असेल. भर घाटात बंद पडली असती, सुरेखा आत असताना..."

फडतरे धावत आले. शिंपली हातात घेऊन उलटसुलट करून बघितली.

"आईशपथ, मला ठाऊक नव्हतं. मालकाचा विमा नुसता कायद्यापुरता असंल. त्यात पुराची भरपाई मिळतच नाही. मग दावा कसला आणि नोंद कसली? धुतली, पुसली, विकली."

"आणि तुम्ही?"

"मीही रिपोर्टच बघितला होता, दादा."

दिगंबर तरातरा पायरीकडे आला. कागद उचलला तसा बेल आणि भंडारा खाली सांडला. तो कागद फाडायला निघाला, तेवढ्यात बुवांनी त्याचं मनगट धरलं. ऐंशीच्या घरातला म्हातारा, पण पकड अशी की कागद सुरकुतलासुद्धा नाही.

"का फाडतोस?"

"खोटं आहे हे सगळं!"

"मालक येक हुता का न्हाई?"

"होता."

"धडाकली हुती का कुटं?"

"...नाही."

"पोलिसांत ग्येली हुती?"

"नाही."

"मग त्यानं खोटं काय सांगितलं? ठेव नीट घडी घालून. बिचाऱ्याला जेवडं ठावं हुतं तेवडं बोलला. बाकीचं तू तुज्या पदरचं घातलंस."

दिगंबरने कागदाची घडी घातली. त्याला रडू येत होतं आणि ते त्याने लपवलं नाही.

"मग आता सुरेखाला कशात न्यायचं, बुवा? झोळीत? मी नाही नेणार झोळीत. मी खांद्यावर नेईन, पण झोळीत नाही!"

बुवांनी पायरीवरचा अडकित्ता उचलला.

तेवढ्यात पायऱ्यांच्या खालून भोंगा वाजला. फडतऱ्यांना परत न्यायला त्यांचा मेहुणा आला होता. जीप जुनाट, दार एका रंगाचं आणि बॉनेट दुसऱ्या रंगाचं.

फडतरे तिच्याकडे बघत उभे राहिले. मग एकदम पायरीपाशी आले, खाली सांडलेलं बेलाचं पान शोधून तळहातावर घेतलं, त्यावर जमिनीवरचा भंडारा चिमटीने ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं.

"बुवा, बाळंतपणाला हवीय हे मला आधी कुणी बोललं नव्हतं. देवळाची गाडी म्हणून मी आपली चकचकीत काढली. ही पांढरी मी माघारी नेतो. ही खालची जीप ठेवा. माझ्या घरची आहे, विकायची नव्हती. दोनदा धडकलीय. एकदा ट्रकला, एकदा बाभळीला. दार आणि बॉनेट बदललंय. इंजिनात, ब्रेकात खोट नाही. बाकी तुमच्या मिस्तरीला दाखवा. हा उचलला बेलभंडार."

आणि कपाळाला लावला.

दिगंबर खाली गेला. या खेपेला आधी जमिनीवर उताणा पडून जीपच्या पोटाखाली शिरला. मॅट काढल्या, चाक काढलं, सीट उपटली. मेहुण्याला बाजूला बसवून घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत जीप नेली, उतारावर ब्रेक मारमारून बघितले आणि परत आणली. उद्या मिस्तरीला बोलावतो म्हणाला.

एवढं करूनही गडी हटला नाही. रेंज येते त्या खडकावर चढला, नंबर टाकला, रिपोर्ट काढला. तो मला इथेच आवडतो.

खाली आला तेव्हा तोंड वाकडं होतं.

"मालक तीन. अपघात दोन. विम्याचे दावे दोन."

"सांगितलंच की मी," फडतरे म्हणाले.

"हो, सांगितलंत. पण बुवा, हा रिपोर्ट बघून कुणी या गाडीत शेळीसुद्धा घालणार नाही. आणि मी सुरेखाला बसवू? पहिला कागद चांगला होता तर तुम्ही त्याच्यापुढे भंडारा ठेवलात. हा वाईट आहे, तर मी डोळे मिटून घेऊ? नाही मिटणार!"

"मिटू नगंस."

बुवा फडतऱ्यांकडे वळले.

"ट्रकला धडाकली तवा आत कोन हुतं?"

"मी आणि मंडळी."

"आन् बाभळीला?"

"थोरली पोरगी. सासरहून येत होती."

"मग?"

"मग काय, बुवा? आली घरी."

दिगंबर कागदातून मान वर काढेना. पुन्हा पुन्हा वाचत होता.

बुवांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

"बघ बघ, नीट बघ... ती घरी आली, त्ये कुटं लिवलंय का."